पाहणाऱ्यांसाठीं खेळणारीं मुलें

अंबरनाथच्या एका स्नेह्यांकडे आम्ही परवां गेलों, तों घरांत बापलेकांचें बोलणें बंद! मुलगा रात्रीं उशिरांपर्यंत संगणकावर खेळतो आणि तो खेळ त्याच वेळीं इंटरनेटवरून इतरांना दाखवितो. याला स्ट्रीमिंग म्हणतात. वडिलांच्या मतें ही उनाडकी, मुलाच्या मतें धंदा. पंच म्हणून आमची नेमणूक झाली, तेव्हां या विषयावरील विद्वानांचें म्हणणें पाहणें आम्हांस भाग पडलें.

आश्चर्य वाटेल, पण यावर विद्यापीठांतून गंभीर संशोधन चालू आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंतील समाजशास्त्रज्ञ टी. एल. टेलर यांचा 'वॉच मी प्ले' हा ग्रंथ २०१८ सालीं निघाला. २०११ मध्यें सुरू झालेल्या 'ट्विच'वरील खेळाडूंचें निरीक्षण करून तो लिहिलेला आहे. खासगी खेळाची जाहीर करमणूक होते, तेव्हां खेळणें, बोलणें, प्रेक्षकांस उत्तरें देणें, यंत्रें संभाळणें अशीं अनेक कामें बहुधा एकट्यालाच करावीं लागतात. अर्थात् ही निव्वळ उनाडकी नव्हे.

तथापि श्रम आहेत म्हणून मिळकत आहेच, असें नाहीं. कॉर्नेल विद्यापीठांतील ब्रुक एरिन डफी यांनीं २०१७ च्या आपल्या ग्रंथांत इंटरनेटवर लेखन व चित्रफिती करणाऱ्या तरुणींचा अभ्यास मांडला. उद्यांच्या आशेवर आज फुकट राबणाऱ्या पुष्कळ, आणि फळ मिळणाऱ्या थोड्या, असें त्यांस आढळलें.

मुलानें शेजारच्या उल्हासनगरचा दाखला दिला. तेथील आशिष चंचलानी यांनीं विनोदी चित्रफितींच्या जोरावर कोट्यवधि प्रेक्षक मिळविले, हें खरेंच. परंतु यश डोळ्यांपुढें दिसतें. न मिळालेलें दिसत नाहीं. शिवाय पायाखालची जमीनहि आपली नसते. सप्टेंबर २०२० मध्यें सरकारनें 'पबजी मोबाईल'वर बंदी घातली, तेव्हां त्या एकाच खेळावर विसंबलेल्यांचा आधार एकाएकीं गेला. २०२१ मध्यें त्याचा भारतीय अवतार आला, तोहि पुढील वर्षीं बंद पडून २०२३ मध्यें परतला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर तर २०२५ च्या कायद्यानें बंदीच आहे. त्यांच्या वाटेस मुलांनीं जाऊंच नये.

आम्हीं हें सांगितलें, तेव्हां इतका वेळ गप्प बसलेल्या आजोबांनीं कपाटांतून एक कोरी वही काढून नातवाच्या हातीं दिली. "धंदा म्हणतोस ना? मग जमाखर्च ठेव. किती तास, किती वीज, किती प्राप्ति. परीक्षेचा अभ्यासहि त्यांतच लिही." तीन महिन्यांनीं बापलेकांनीं ती वही एकत्र बसून वाचावयाची, असें ठरलें. बोलणें मात्र त्याच रात्रीं सुरू झालें, वडिलांनीं विचारलें, "पहिल्या पानावर तारीख घातलीस का?"