ओढ्याची ब्राह्मी परसात लावा

पावसाचा जोर ओसरला की खानापूर भागातील ओढे, तळी आणि भाताचे बांध पाणवनस्पतींनी भरून जातात. ब्राह्मी, कारिवणा, नाळीची भाजी, वेखंड ही नावे आपल्या आयाबायांना नवी नाहीत. कोणी चटणीसाठी, कोणी मुलांच्या परीक्षेसाठी, तर कोणी तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी ती गोळा करून आणते. याला आमचा विरोध नाही. मात्र ओढ्यावर तोडलेला पाला त्याच दिवशी कच्चा खाण्याची रीत सोडावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ओढ्यावरून भाजी आणू नये, बियाणे आणावे. चार फांद्या आणून परसात लावाव्यात आणि तेथे फुटलेली नवी पाने खावीत.

याचे कारण गुरे पाळणाऱ्याला लवकर पटेल. गाय खंगत जाते, हगवण लागते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. गुरांचे डॉक्टर यकृतातील चपट्या जंताचे, म्हणजे लिव्हर फ्लूकचे नाव घेतात. या जंताची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. अंड्यांतून निघालेली पिले पाणगोगलगायीच्या अंगात शिरून वाढतात, मग बाहेर पडून पाण्यातल्या आणि काठावरच्या पानांना चिकटतात व स्वतःभोवती कवच करून वाट पाहत बसतात. तो पाला जो कच्चा खाईल, त्याच्या पोटात ती जातात. मग खाणारी म्हैस असो वा माणूस. माणसाला हा रोग गुरांइतका होत नाही हे खरे. पण होतो तेव्हा ताप, उजव्या कुशीत दुखणे, कावीळ अशी लक्षणे दिसतात आणि खरे कारण कळायला वेळ लागतो. ते कवच इतके लहान की सहजी दिसत नाही, आणि पाला धुऊन ते निघेलच अशी खात्री नाही. शिजवल्याने मात्र जंत मरतो. म्हणून नाळीच्या भाजीची आम्हांस तितकी काळजी वाटत नाही. ती चुलीवर चढतेच. काळजी वाटते ती कारिवण्याच्या चटणीची. आपले कानडी शेजारी त्याला ओंदेलग म्हणतात आणि ताकात कच्चाच वाटून तंबुळी करतात. चवीला ती फार छान लागते, म्हणूनच तिचे पान घरचे असावे.

दुसरी गोष्ट गावाच्या गटाराची. ब्राह्मी आणि कारिवणा चिखलातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेतात, आणि ते शिजवूनही जात नाहीत. सांडपाणी मिसळते तेथली किंवा फवारणीचे पंप धुतात तेथली ब्राह्मी बियाण्यासाठीसुद्धा आणू नये.

ब्राह्मी कोणती, यावरून घरोघरी वाद असतो. जमिनीसरपट जाणारी, बारीक, जाड, गुळगुळीत पानांची, पांढऱ्या किंवा फिकट जांभळ्या इवल्या फुलांची आणि चवीला कडू ती खरी नीरब्राह्मी. लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला किंचित कातरलेले गोल पान असेल तो कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही उपयोगाच्या, पण वेगळ्या. सांधेसांध्याला मुळ्या फुटतात, त्यामुळे वीतभर तुकडा पुरतो. गड्डेच्या गड्डे उपटून जागा उघडी पाडू नये. भीमगड परिसरातील मंडळींनी ध्यानात ठेवावे की २०११ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले आहे. त्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही आणता येत नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, गमबूट घाला. उंदराच्या मुतापासून होणारा लेप्टोचा ताप असाच अंगात शिरतो.

घरी आणल्यावर तुकड्यांची सर्व जुनी पाने काढून टाका. ती गुरांपुढे किंवा पुन्हा ओढ्यात न टाकता वाळवून जाळा. देठ स्वच्छ पाण्यात दोनतीनदा खळबळून घ्या, चिकटलेल्या गोगलगायी वेचून काढा. कुंडी, फुटका रांजण, सिमेंटची जुनी डोणी, काहीही चालेल. औषधाचा रिकामा डबा मात्र कितीही धुतला तरी नको. पोयट्याची माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत घालून वर बोटभर वाळू पसरा. खत जास्त झाले तर शेवाळ माजते. पाणी विहिरीचे द्या, न्हाणीचे नको.

पाणवनस्पती म्हटले की लोक टाकी तुडुंब भरून ठेवतात आणि महिन्याभरात घरात डेंग्यूचे डास होतात. ब्राह्मी, कारिवणा आणि वेखंड यांना वर पाणी उभे राहण्याची गरज नाही. चिखल ओला राहिला की पुरे. हात दाबल्यावर माती पाझरली, पण वर डबके दिसले नाही, म्हणजे प्रमाण बरोबर. कमळाची हौस असेल त्याने पाण्यात गप्पी मासे सोडावेत. रिकामी टाकी आतून घासूनच ठेवावी, कारण या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने टिकतात.

नाळीचे पोकळ देठ चिखलात खोचले की लागतात. मात्र त्याच ओढ्याकाठी बेशरमही वाढते आणि तिचे फूल याच घराण्याचे. बेशरम उभी, झुडपासारखी, खोडाने टणक असते. नाळी पाण्यावर किंवा चिखलावर पसरते. बेशरमीने शेळ्या दगावतात, म्हणून शंका असली तर हात लावू नका. फुगीर देठांची, सुंदर जांभळ्या फुलांची जलपर्णी तर फुकट मिळाली तरी दारात नको. तिचा एक तुकडा वाहून गेला तर गावचे तळे झाकून टाकील.

ब्राह्मीने बुद्धी वाढते म्हणून पुष्कळ जण विचारायला येतात. आयुर्वेदात तिचे स्थान मोठे आहे. पण ब्राह्मी सुरू केली म्हणून कोणी मुलाच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या तर ते जिवावर बेतेल. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

वेखंडाचा गड्डा डोळा राखून कापावा आणि हातभर अंतरावर आडवा लावावा. त्याच्या तेलातील बीटा-असारोन या घटकामुळे उंदरांना कर्करोग झाल्याचे दिसल्याने अमेरिकेत १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी आली, आणि आपल्याकडील वेखंडात हा घटक भरपूर असतो. जास्त पोटात गेल्यास मुलाला ओकाऱ्या होतात. तेव्हा गुटीतून वेखंड काढून टाकावे, हे आमचे स्पष्ट मत. वर्षभरानंतर पाने पिवळी पडू लागली की गड्डे खणावेत, मुळ्या काढून सावलीत खडखडीत वाळवावेत. कपड्यांच्या ट्रंकेत चार तुकडे टाकले की कसर लागत नाही.