तुला दिसतंय तेच मला दिसतंय ना?

शेजारच्या काकू परवा कणीक मळता मळता म्हणाल्या, ‘‘आमची मुलगी इंजिनीअर झाली खरी, पण हातात ना पाना ना पक्कड! दिवसभर घरातच कानाला हेडफोन लावून बसते. लोक विचारतात, हिला नोकरी आहे की नाही?’’

लेक आतूनच हसली. ‘‘अगं आई, माझी निम्मी टीम पुण्यात, निम्मी जर्मनीत. आम्ही सगळे मिळून एकच गाडी उघडून बघतोय!’’

गंमत वाटली ना, मैत्रिणींनो? ही गाडी लोखंडाची नसते, कम्प्युटरनं उभी केलेली असते. ती फिरवून बघता येते, एखादा भाग काढून ठेवता येतो. डोळ्यांवर खास चष्मा चढवला तर चक्क आत शिरल्यासारखं वाटतं. गावं वेगळी असली तरी सगळे जमतात एकाच गाडीभोवती.

ही पद्धत काही कालची नाही. अमेरिकेच्या बोइंग कंपनीनं १९९०च्या दशकात ७७७ हे विमान असंच तयार केलं. पूर्वी भाग एकमेकांत बसतात की नाही हे बघायला पूर्ण आकाराची नमुना विमानं बांधावी लागत. ७७७ मात्र आधी कम्प्युटरवर जोडलं गेलं. २३८ गट कामाला होते. त्यांत आराखडा काढणारे होते, कारखान्यात जोडणी करणारे होते आणि विमान विकत घेणाऱ्या कंपन्यांची माणसंही होती. दोन भाग एकमेकांना आडवे येत असतील तर ते पडद्यावरच कळायचं. १२ जून १९९४ रोजी हे विमान पहिल्यांदा उडालं.

पण नुसता कम्प्युटर असून भागत नाही बरं का! युरोपच्या एअरबस कंपनीचं ए३८० हे प्रचंड दुमजली विमान. एकेका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर! जर्मनीतल्या हॅम्बुर्गला तयार झालेल्या वायरी फ्रान्समधल्या तुलूझला बसवायला घेतल्या, तर काही चक्क आखूड पडल्या. कारण? दोन्हीकडे सॉफ्टवेअर एकाच नावाचं, पण एकीकडे जुनी आवृत्ती आणि दुसरीकडे नवी. वायर वळते तिथं किती लांबी खाते, याचा हिशेब जुळला नाही. विमानं रखडली, अब्जावधींचा फटका बसला. पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडलं ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा सुमारे दीड वर्ष उशिरा.

आपल्याला हे नवीन आहे का? एकीनं इंचात माप घेतलं, दुसरीनं सेंटिमीटर समजून कापड कापलं, तर ब्लाउजचं काय होईल?

म्हणूनच काकूंची लेक मीटिंग सुरू झाली की आधी विचारते, ‘‘मला दिसतंय तेच सगळ्यांना दिसतंय ना?’’ एकदा एक साहेब वैतागले, ‘‘हे काय शाळेसारखं!’’ ती गप्प बसली असती तर? पण तिनं पुन्हा विचारलं. बघतात तो साहेबांच्याच पडद्यावर आधीचा आराखडा होता! कुणी हसलं नाही. आता तेही आधी तपासून बघतात.

हे ऐकून काकू थोडा वेळ गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘मला वाटायचं, ही नुसती बोलत बसते.’’

हल्ली लेकीची मीटिंग असली की काकू मिक्सर लावत नाहीत. कुणी आलंच, तर दारातच हळू आवाजात सांगतात, ‘‘ऑफिस चालू आहे तिचं.’’