परसातली तांबडी कोंबडी

हनुक्का जवळ आला की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. "कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. म्हाताऱ्या झाल्या का? कोणाला देऊन टाकू का?" बहुतेक वेळा कोंबडीचे वय झालेले नसते, दिवस लहान झालेला असतो. चांगली कोंबडी अशी घाईने घालवू नये, म्हणून हे चार शब्द.

कोकणात आपल्या घरी गावठी कोंबड्या असत. संध्याकाळी त्यांना डालायचे, सकाळी कणी-कोंडा टाकायचा, बाकी पोट त्या उकिरड्यावर भरत. वर्षाला 60-70 अंडी द्यायच्या आणि मध्येच खुडूक होऊन बसायच्या. इथे इस्राएलात परसात पाळायला आम्हांला ऱ्होड आयलंड रेड ही तांबडी जात सोयीची वाटते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स भागातल्या शेतकऱ्यांनी तांबडे मलाय कोंबडे आणि आशियातून आलेल्या इतर जाती यांच्या संकरातून ती तयार केली. 1904 साली तिथल्या कुक्कुटपालन संघाने तिला मान्यता दिली आणि 1954 साली ती ऱ्होड आयलंडचा राज्यपक्षी झाली. ही कोंबडी अंगाने धट्टीकट्टी, वजनाला अडीच-तीन किलो, स्वभावाने शांत. पाच-सहा महिन्यांची तलंग अंड्यावर येते आणि नीट ठेवल्यास वर्षाला 200 ते 250 तपकिरी अंडी देते. खुडूक क्वचितच होते.

आता मूळ प्रश्न. कोंबडी उजेडाच्या हिशेबाने अंडी देते. भरपूर अंड्यांसाठी तिला दिवसाला 14 तासांच्या आसपास उजेड लागतो. कोकणात हिवाळ्यातला दिवसही 11 तासांचा असतो, त्यामुळे आपल्या आजीला हा फरक फारसा जाणवला नाही. बेर शेवाकडे मात्र डिसेंबरात दिवस जेमतेम 10 तासांचा होतो. शिवाय शरदात जुनी पिसे गळून नवी येतात. तेव्हा अंगातली सगळी ताकद पिसांत जाते आणि दोन-तीन महिने अंडी थांबतात. यावर उपाय दोन. एक, तिला विश्रांती घेऊ द्यावी. दिवस वाढू लागला की ती आपोआप सुरू होईल. दुसरा, खुराड्यात लहान दिवा लावून तो पहाटे लागेल असे करावे. शब्बाथसाठी आपल्या घरात वेळेवर दिवे लावणारे घड्याळ असतेच, तेच इथे उपयोगी पडते. दिवा संध्याकाळी नको, कारण तो एकदम विझला की कोंबड्या अंधारात चाचपडतात, दांडीवर चढू शकत नाहीत.

उन्हाळ्यात त्रास वेगळा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. धापांमुळे रक्तातला समतोल बदलतो, चुना कवचापर्यंत कमी पोचतो आणि अंडी पातळ कवचाची होतात. म्हणून सावली, वारा आणि गार पाणी हवे. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. खाद्य दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आत लागते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवावा. जिला हवा ती खाते. खुराड्याला जाळी पक्की हवी, कारण कोल्हा आणि मुंगूस इथेही आहेत.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. त्याच्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी देते. कोंबडा ठेवला तर शेजाऱ्यांची झोप मोडते आणि अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला की अख्खे अंडे टाकावे लागते. कोंबडा असो वा नसो, प्रत्येक अंडे आधी पेल्यात फोडून पाहण्याची आपल्या आयांची सवय सोडू नये.

शब्बाथला कोंबड्यांना दाणापाणी द्यायला हरकत नाही, त्या आपल्यावरच अवलंबून असतात. पण त्या दिवशी घातलेले अंडे मुक्त्से आहे, त्याला हात लावायचा नाही. तालमुदातला एक पूर्ण ग्रंथ "बेत्सा" म्हणजे अंडे या नावाचा आहे, कारण त्याची सुरुवातच सणाच्या दिवशी घातलेल्या अंड्याच्या प्रश्नाने होते. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सगळी अंडी उचलावीत, नाहीतर जुनी-नवी मिसळतात आणि सगळीच अडकतात. अंडी घालण्याच्या पेटीचा तळ थोडा उतरता ठेवला तर अंडे मागे घरंगळते आणि शब्बाथ संपेपर्यंत चोचीपासून वाचते. पेसाहला आणखी एक काळजी घ्यावी. विकतच्या खाद्यात पुष्कळदा गहू असतो, म्हणजे हामेत्सचा प्रश्न येतो. आठ-दहा दिवस आधीपासून हळूहळू मका आणि ज्वारीवर आणावे. एकदम बदलले तर अंडी थांबतात. शंका असेल तर आपल्या रब्बींना विचारावे.

आपल्या वयाच्या माणसांनी एक गोष्ट विसरू नये. कोंबडी निरोगी दिसली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि म्हातारपणी तो आजार जड जातो. खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवावेत, तिथल्या चपला घरात आणू नयेत, अंडे पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. पाळण्यापूर्वी नगरपालिकेच्या पशुवैद्याकडे परवानगीची व लसीची चौकशी करावी.

शेवटी, कोंबडी आणण्याआधीच ठरवण्याची गोष्ट. ती भरपूर अंडी दोन-तीन वर्षे देते, पण जगते सहा-आठ वर्षे. गावी हाजान शेहिटा करून देत, प्रश्न तिथेच मिटे. इथे तसे सोपे नाही. आम्ही आमच्या म्हाताऱ्या कोंबड्या ठेवल्या आहेत. अंडे आठवड्याला एखादे, पण किडे वेचतात, खत देतात आणि सकाळी दार उघडले की पायांत येतात. तीन-चार कोंबड्यांपेक्षा जास्त आणू नका, म्हणजे त्या म्हाताऱ्या झाल्यावरही दाणे टाकणे जड जाणार नाही.