संकेतस्थळाची व्यवस्था आणि कचेरीतील लेखनिक

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तालुके. त्याचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने सरकारी कार्यालयांसाठी सिद्ध केलेल्या ‘एस-थ्री-वास’ या सामाईक व्यवस्थेवर उभे आहे. अशा व्यवस्थेत साचा व सुरक्षा यांचा भार केंद्राकडे राहतो. लेखनिकाने केवळ मजकूर भरावयाचा. बिगर-तांत्रिक कर्मचाऱ्यांसाठी आशय-व्यवस्थापन प्रणाली निवडताना प्रथम या श्रमविभागणीचा विचार व्हावयास हवा. प्रत्यक्षात बहुधा सोयींची लांबलचक यादी पाहूनच निवड होते.

स्वतंत्र निवड करावयाची झाल्यास ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व जूमला (२००५) ही मुक्त प्रणालींची नावे पुढे येतात. (‘जूमला’ हे नाव स्वाहिलीतून घेतलेले, त्याचे अरबी मूळ मराठी हिशेबी कागदांत ‘जुमला’, म्हणजे एकूण बेरीज, या रूपाने पूर्वीच रुळलेले आहे.) वर्डप्रेस शिकण्यास सर्वांत सोपी. ड्रुपलमध्ये कोणी लिहावे, कोणी तपासावे, कोणी प्रसिद्ध करावे याची वाटणी फार बारकाईने करता येते, आणि अनेक विभागांच्या विद्यापीठास हा गुण मोलाचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचे पोषण ५ जानेवारी २०२५ रोजी थांबले, आणि आठव्या आवृत्तीपासून अंतर्रचनाच पालटलेली असल्यामुळे जुनी स्थळे पुढे नेणे म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणे ठरले. पवईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात ड्रुपलचे पाठ विनामूल्य मिळतात खरे. परंतु ते शिकलेल्या लेखनिकाची बदली झाली की संस्था पुन्हा पहिल्या पायरीवर येते. कायम तंत्रज्ञ नसलेल्या संस्थेने म्हणूनच ड्रुपलच्या वाटेस जाऊ नये.

मराठी मजकुराची अडचण याहून निकटची आहे. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर चिकटविला असता पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात, कारण त्या टंकांनी देवनागरी आकार रोमन अक्षरांच्याच संकेतांकांवर बसविलेले असतात. कंटाळलेला कर्मचारी मग कागदाचे छायाचित्रच चढवितो. ते डोळ्यांना वाचता येते. अंध वाचकाच्या पडदावाचकास मात्र ते मुके असते. हा दोष कर्मचाऱ्याचा नव्हे, रूपांतराची सोय शेजारी न ठेवणाऱ्या योजकाचा होय.

तेव्हा परीक्षा घ्यावयाची ती ज्याला पुढे हे काम करावयाचे आहे त्याच्याच हातून: एक मराठी सूचना, एक तक्ता, आणि चुकून बिघडलेले पान मागील आवृत्तीतून परत आणणे. तंत्रज्ञाने त्या वेळी खोलीबाहेर थांबावे.