काही सेकंदांचं वाळवण

आपल्या उपवासाचा साबुदाणा मुख्यतः येतो तमिळनाडूतल्या सेलम परिसरातून. तिथे टॅपिओकाचे कंद सोलून, किसून, पाण्याने धुऊन चोथा गाळतात आणि दुधासारख्या पांढऱ्या पाण्यातला स्टार्च तळाशी बसू देतात. कंद काढल्यावर दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागतो, म्हणून सगळी घाई. पण मालाचा कस ठरतो तो वाळवताना.

सेलमकडे वर्षानुवर्षं सिमेंटच्या मोठ्या अंगणांत माल उन्हात पसरतात. ऊन फुकट मिळतं. पण धूळ बसते, पाऊस आला की धावपळ उडते आणि ढगाळ हवेत ओला स्टार्च आंबतो. थायलंडमधल्या मोठ्या कारखान्यांनी हे काम फ्लॅश ड्रायरकडे सोपवलं आहे.

हा ड्रायर म्हणजे गरम हवेचा उंच, उभा पाइप. सेंट्रिफ्यूजमधून पाणी काढल्यावरही स्टार्चमध्ये सुमारे ३५ टक्के पाणी उरतं. ही ओलसर ढेकळं फोडून स्क्रूने पाइपमध्ये सोडतात. खालून १५० ते २०० अंशांची हवा जोरात येते, भुकटी उडवत वर नेते आणि काही सेकंदांत वाळवते. पुढे सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते, स्टार्च कडेला फेकला जाऊन खाली उतरतो आणि वाफाळलेली हवा वरून निघून जाते.

टॅपिओकाचा ओला स्टार्च ६०-७० अंशांना शिजून चिकट होतो. मग एवढ्या गरम हवेत त्याची खळ कशी होत नाही? कणातलं पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेतं, त्यामुळे ओल असेतो कण फारसा तापत नाही. ओल संपत आली, तोवर हवाही निवलेली असते. मोठी ढेकळं तशीच आत गेली, तर मात्र ती आतून ओली राहतात.

१०० किलो ओला माल साडेबारा टक्के ओलाव्यापर्यंत आणायचा, तर सुमारे २६ किलो पाणी उडवावं लागतं. कारखान्यातली सर्वाधिक उष्णता इथेच खर्च होते. थायलंडमधल्या अनेक कारखान्यांनी त्यावर चांगला मार्ग काढला: स्टार्च धुतलेल्या सांडपाण्यापासून बायोगॅस बनवायचा आणि त्यावरच ड्रायरची हवा तापवायची. उडत्या स्टार्चची धूळ ठिणगीने स्फोट घडवू शकते, म्हणून स्वच्छता आणि अर्थिंग यांत हयगय चालत नाही.

लहान कारखानदाराला ड्रायर आणि बायोगॅसचा खर्च एकट्याने पेलणं अवघड आहे. सेलममध्ये साबुदाणा-स्टार्च उत्पादकांची ‘सॅगोसर्व्ह’ ही सहकारी संस्था १९८१ पासून आहे. विक्रीसाठी एकत्र आलेल्यांनी सामायिक ड्रायर आणि बायोगॅससाठीही एकत्र यावं. उन्हाच्या भरवशावर चांगला माल देता येत नाही.