दोन भारीट आणि ज्वारीचा तुकडा

दर्यापूर-अकोटच्या काळ्या रानात भारीट ही पाखरं पाहायची तर आधी ज्वारी शोधावी लागते. नजर जाईल तिथवर हरभरा, तूर, पऱ्हाटी. मध्येच कुणी कडब्यासाठी राखलेला रब्बी ज्वारीचा तुकडा. धुऱ्यावर बाभूळ असली तर तिथंच बसावं. थवा कणसांत शिरला की पाखरं दिसत नाहीत, नुसती ताटं हलतात. राखणदारानं डबा बडवला की सगळी पिवळी गर्दी बाभळीवर येऊन बसते. ओळख पटवायची ती तेवढ्यात.

नरांचं सोपं आहे. काळ्या डोक्याच्या भारीटाची पाठ तांबूस, गळा पिवळाधमक. दुसऱ्याचा, म्हणजे तांबड्या डोक्याच्या भारीटाचा, तांबडा रंग डोक्यावरून गळ्या-छातीपर्यंत उतरलेला, पाठ हिरवट आणि रेघांची. पण ऐन थंडीत नव्या पिसांच्या फिकट कडा हे रंग झाकून टाकतात. कडा झिजून रंग उघडे पडेपर्यंत फाल्गुन-चैत्र येतो आणि पाखरं परतीला लागतात! माद्या दोन्हींच्या मातकट. त्यांच्यापुढे वहीत मी नुसतं ‘भारीट, मादी’ लिहितो. अंदाजानं भरलेल्या रकान्यापेक्षा ते बरं.

काळ्या डोक्याचा येतो बाल्कन, तुर्कस्तान, इराणकडून. तांबड्या डोक्याचा कझाकस्तान आणि मध्य आशियातून. उत्तर इराणात दोघांचे विणीचे प्रदेश भिडतात, तिथं संकरही होतो.

आययूसीएनच्या लाल यादीत दोघंही ‘किमान चिंता’ गटात आहेत. मला या शिक्क्यानं फारसा धीर येत नाही. यांचाच भाऊबंद, पिवळ्या छातीचा भारीट, २००४ पूर्वी त्याच गटात होता. चीनमध्ये खाण्यासाठी जाळी लावून तो इतका पकडला गेला की २०१७ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. आपल्या दोघांवर तशी वेळ आलेली नाही. पण शिक्का साऱ्या जगाचा हिशेब मांडतो. वऱ्हाडातली ज्वारी सोयाबीननं खाल्ली, हे त्यात कुठं दिसणार?

शेतकऱ्याचा हिशेब वेगळाच. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जायचं. आता एकट्याचंच शेत असलं की सगळे थवे तिथंच उतरतात, रात्री रानडुकरं येतात ती वेगळी. राखणीची मजुरी धान्याच्या भावाला परवडत नाही. म्हणून पुढच्या साली ज्वारी पेरायची की नाही, हे तो शेजारी काय पेरतो ते पाहून ठरवतो.