पत्ता तोच, घर नवे

भाड्याचे घर बदलायचे ठरले की माझे वडील सामान बांधण्याआधी पोस्टमनला गाठत. नवा पत्ता त्याच्याकडून पाठ करवून घेत. आणि नव्या घरी गेल्यावरही महिनाभर रोज संध्याकाळी जुन्या घरमालकाच्या दारी त्यांची फेरी असे. "काही आलंय का?" एवढेच विचारायला. आम्हा मुलांना ती फेरी फुकटची वाटायची. पुढे एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळताना ईमेलचा सर्व्हर दोनदा बदललेला पाहिला, तेव्हा त्या फेरीचा अर्थ मला कळला.

सर्व्हर म्हणजे कार्यालयाचे सगळे ईमेल जिथे येऊन पडतात आणि जिथून बाहेर जातात तो संगणक. टेबलावरचा संगणक किंवा हातातला मोबाईल ही नुसती खिडकी. हा सर्व्हर जुना होतो, त्यातली जागा भरते, मग नवा घ्यावा लागतो किंवा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यावी लागते. कर्मचाऱ्यांची अपेक्षा मात्र एकच असते : सकाळी आल्यावर कालचे सगळे जागच्या जागी दिसावे.

हे कसे जमते ते समजायला आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव बदलले, पण शहराचा पिनकोड ४१४००१ तोच राहिला. (पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. कवीला हिशेब जमत नाही म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.) ईमेलमध्ये याच्या उलट घडते. तिथे नाव तेच ठेवायचे आणि मागचा आकडा बदलायचा. ईमेलच्या पत्त्यात 'ॲट'च्या पुढे संस्थेचे नाव असते. त्या नावाचे टपाल सध्या कोणत्या सर्व्हरवर टाकायचे, याची नोंद इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक वहीत असते. तिला एमएक्स नोंद म्हणतात. सर्व्हर बदलणे म्हणजे शेवटी त्या वहीतली एक ओळ बदलणे.

मग अडते कुठे? जगभरातले सर्व्हर प्रत्येक पत्राला ती वही उघडून बघत नाहीत. एकदा पाहिलेली नोंद ते काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, ते त्या नोंदीतच सेकंदांत लिहिलेले असते. तिथे ८६,४०० असेल तर पुरे चोवीस तास. तुम्ही ओळ बदललीत तरी कोणीतरी दिवसभर जुन्याच दारात पत्र टाकत राहतो.

आमच्या पहिल्या बदलात नेमके हेच झाले. शनिवारी रात्री ओळ बदलली, सोमवारी सगळे नव्या सर्व्हरवर. जुना कोपऱ्यात चालूच होता, पण त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. अकोले तालुक्यातल्या एका शिक्षिकेने तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी रविवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कागदपत्रे पाठवली होती. "तुम्ही पाठवलंच नसेल, मॅडम," असे तिला फोनवर सांगणारा मीच. आठवड्याने ती पाठवलेल्या मेलची छापील प्रत घेऊन आली. तारीख बरोबर, वेळ बरोबर, पत्ता बरोबर. जुना सर्व्हर उघडला, तर तिचा मेल तिथे पडलेला. जागा तोवर भरली गेली होती.

नंतर कळले की जुना सर्व्हर सरळ बंद केला असता तर बरे झाले असते. ईमेलची मूळ रीतच सोशिक आहे. समोरचे दार बंद दिसले तर पाठवणारा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असे नियमावलीच सांगते. तेवढ्यात त्याला वहीतली नवी ओळ दिसली असती. घात केला तो उघड्या दाराने आणि रिकाम्या घराने.

दुसऱ्या वेळी पुण्याहून आलेल्या तरुण इंजिनिअरने घाई केली नाही. "चाचा, पहिला महिना काही हलवायचं नाही, नुसतं मोजायचं," तो म्हणाला. खाती किती, जुने टपाल किती, कोण कशावर मेल पाहते. हिशेबनिसांचे सात वर्षांचे मेल फक्त त्यांच्याच संगणकावर उतरवलेले निघाले; सर्व्हरवर प्रतच नव्हती. ते आधी सर्व्हरवर चढवले. मग दोन्ही सर्व्हर शेजारी-शेजारी चालू ठेवले. लोक दिवसा जुन्यावर काम करत, रात्री त्या दिवसाचे नवे टपाल तेवढे पुढे नेले जाई. चाचणीसाठी पहिले खाते माझे. माझ्या मराठी नावाच्या फोल्डरांचा पार पालापाचोळा झाला. 'रजा अर्ज'च्या जागी इंग्रजी अक्षरांची अगम्य रांग! जुन्या पद्धतीत अशी नावे सांकेतिक रूपात साठवली जातात आणि प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला ती उलगडता आली नव्हती. चाचणीत सापडले म्हणून निभावले.

बदलाच्या दोन दिवस आधी त्याने ८६,४०० चे ३०० केले, म्हणजे फक्त पाच मिनिटे. जावक बाजूही आठवणीने पाहिली. संस्थेच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला, याची यादी त्याच वहीत असते. नव्याचे नाव तिथे नसेल तर आपले पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जाण्याची भीती, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परीक्षेचे अर्ज आणि पगारबिले यांचे दिवस टाळून शुक्रवारची रात्र धरली. जुन्या सर्व्हरवर जे येईल ते नव्याकडे वळवायची सोय केली.

हेच काम केंद्र सरकारने केवढ्या पसाऱ्यावर केले पाहा. १९७६ साली स्थापन झालेली एनआयसी सरकारी ईमेल सांभाळत आली. २०२३ मध्ये झोहो या भारतीय कंपनीला सात वर्षांचे कंत्राट मिळाले आणि सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल तिच्या व्यवस्थेवर गेल्याची बातमी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. पत्त्यातले 'एनआयसी डॉट इन' आणि 'जीओव्ही डॉट इन' मात्र तसेच राहिले. सरकारचे टपाल खासगी कंपनीकडे असावे का, हा वाद स्वतंत्र आहे आणि तो व्हायलाही हवा. पण पाकिटावरचा पत्ता हलू दिला नाही, हे शहाणपणाचे झाले.

आमच्याकडे वळवण्याची सोय असूनही, रोज पाच वाजता जुन्या सर्व्हरवर डोकावायचे काम मी मागून घेतले. पहिल्या दोन दिवसांत सतरा मेल सापडले, मग काही नाही. इंजिनिअर म्हणाला, "चाचा, आता बंद करू." मी महिना पुरा करू दे म्हटले. तेविसाव्या दिवशी एक मेल आला. एका शाखेतल्या झेरॉक्स मशीनकडून. स्कॅन करून पाठवणाऱ्या त्या मशीनमध्ये कोणीतरी पूर्वी जुन्या सर्व्हरचा आकडाच थेट भरून ठेवला होता, त्यामुळे ते वही बघतच नव्हते. सोबत अकरा पाने होती, तिथल्या शिपाईमामांच्या पेन्शनच्या प्रस्तावाची. ती मी छापून घेतली, आवकला चढवली आणि त्या शाखेला फोन लावला.